किरणाला वळण लावणारी ऊब

६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरमध्ये एका इंचात ६०० ठिपके बसतात. म्हणजे शेजारच्या दोन ठिपक्यांमधले अंतर ४२.३ मायक्रोमीटर, साधारण केसाच्या जाडीहूनही कमी. १२०० डीपीआयला तेही निम्मे होते. हा ठिपका जिच्यामुळे उमटतो ती प्रकाशाची तिरीप लेझर डायोडमधून निघते, वेगाने फिरणाऱ्या बहुभुज आरशाच्या एका पैलूवर आदळते, लांबट भिंगांतून जाते, एकदोन सपाट आरशांवरून दिशा बदलते आणि मग कुठे प्रकाशसंवेदी ड्रमवर पोचते. या सगळ्या प्रवासात तिने केसाच्या जाडीइतकेही भरकटायचे नाही. आणि ज्या खोक्यात हा प्रवास चालतो, त्याच खोक्यात थोड्या अंतरावर टोनरची पूड कागदावर वितळवणारा फ्युझर असतो. त्याचे तापमान साधारण १६० ते २०० अंश सेल्सिअस. बहुभुज आरशाची मोटर, लेझरचा डायोड, विद्युतपुरवठ्याची पाटी हे सारे आपापली ऊब त्यात मिसळत राहतात. अशा ठिकाणी उष्णता ही प्रकाशाची वैरीणच ठरणार, हा पहिला विचार स्वाभाविक आहे आणि अर्धा खराही आहे. उरलेला अर्धा मला या प्रकरणात मांडायचा आहे: जी उष्णता किरणाला वाटेवरून ढळवते, तिच्याच हाती किरणाचे सुकाणू देता येते आणि काही चुकांसाठी तिच्याइतके योग्य साधन दुसरे नाही.

विद्युत-छायाचित्रणाच्या या तंत्रात उष्णता पहिल्या दिवसापासून आहे, पण तिची जागा अगदी शेवटी होती. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ॲस्टोरिया येथे चेस्टर कार्लसन आणि त्यांचे सहकारी ओटो कॉर्नाय यांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, तो रुमालाने घासून विद्युतभारित केला, तारीख आणि जागेचे नाव लिहिलेली काच त्यावर ठेवून दिव्याचा प्रकाश पाडला आणि लायकोपोडियमची बारीक पूड भुरभुरली. उमटलेली अक्षरे मेणकागदावर घेतली आणि मेण तापवून पक्की केली. प्रतिमा घडवायची प्रकाशाने, टिकवायची उष्णतेने, ही कामाची वाटणी तेव्हापासून कायम आहे. १९५९ च्या झेरॉक्स ९१४ या पहिल्या यशस्वी कार्यालयीन यंत्रात ही उष्णता इतकी अनावर होती की कागद पेट घेत, म्हणून यंत्रासोबत छोटे अग्निशामक दिले जाई. आजही झेरॉक्सच्या दुकानात हाती येणारा ताजा कागद कोमट लागतो तो याच शेवटच्या टप्प्यामुळे. मात्र जुन्या यंत्रांत मूळ कागदाची अख्खी प्रतिमा भिंगाने ड्रमवर पाडली जाई. सगळेच मिळून किंचित सरकले तर कुणाच्या लक्षात येत नसे. प्रकाश लेझरचा झाला, तो ओळीओळीने लिहू लागला, आणि पुढे चार रंगांच्या चार ओळी एकमेकींवर तंतोतंत बसवायची वेळ आली, तेव्हा उष्णतेचा प्रश्न शेवटच्या टप्प्यातून उठून थेट प्रकाशाच्या वाटेत येऊन बसला.

तो किती मोठा आहे, हे साध्या गणिताने कळते. ड्रमकडे किरण वळवणारा एक लांबट आरसा घेऊ, रुंदी १० मिलिमीटर. त्याची एक कड पक्क्या आधारावर आहे आणि दुसरी १० मिलिमीटर उंचीच्या ॲल्युमिनियमच्या टेकूवर. ॲल्युमिनियम दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत २३ भाग इतके वाढते. फक्त हा टेकू १० अंशांनी तापला, तर तो २.३ मायक्रोमीटरने उंच होईल. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण त्यामुळे आरसा ०.२३ मिलिरेडियनने कलतो, परावर्तनाच्या नियमाने किरण त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.४६ मिलिरेडियनने वळतो, आणि २०० मिलिमीटरवरच्या ड्रमवर पोचेपर्यंत त्याचे ९२ मायक्रोमीटर झालेले असतात. ६०० डीपीआयच्या दोन ओळींहून जास्त. दहा अंश म्हणजे काय, तर सकाळी गार असलेले यंत्र पन्नास पाने छापून झाल्यावर आत जेवढे तापेल तेवढेच. आरशाचा कोन ही अशी जागा आहे की तिथे मायक्रोमीटर पेरले तर ड्रमवर त्याच्या चाळीसपट उगवते.

इथे कुणालाही मृगजळ आठवेल. तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवेचे थर प्रकाशाला वाकवतात, तर तापलेल्या प्रिंटरमधली हवाही वाकवत असेल. वाकवते, पण थोडे. हवेचा अपवर्तनांक दर अंशाला दहा लाखांत एक भाग एवढाच घटतो. ३०० मिलिमीटरच्या संपूर्ण वाटेवर आडव्या दिशेने दर मिलिमीटरला एक अंश इतका तीव्र उतार टिकून राहिला, तर किरण शेवटी सुमारे ४५ मायक्रोमीटर ढळेल, म्हणजे जेमतेम एक ओळ. एवढा उतार एवढ्या लांबीवर बंदिस्त पेटीत टिकत नाही. तेव्हा खरा दोष हवेचा नाही. तो आहे धातूचा, प्लॅस्टिकच्या चौकटीचा आणि भिंगांचा. भिंगांचा तर विशेष, कारण स्वस्त प्रिंटरमधली लांबट भिंगे बहुधा ॲक्रिलिकसारख्या प्लॅस्टिकची साच्यात ओतलेली असतात. काचेच्या तुलनेत हे प्लॅस्टिक उष्णतेने सुमारे दहापट जास्त पसरते आणि त्याचा अपवर्तनांक दर अंशाला दहा हजारांत एक भाग या हिशेबाने घटतो. दोन्ही परिणाम एकाच दिशेने जातात: भिंग मोठे होते आणि दुबळेही होते. २०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या अशा भिंगाचे नाभीय अंतर २० अंशांत जवळपास १.१ मिलिमीटरने लांबते. ओळीची जागा चुकणे आणि ठिपक्याची धार जाणे या दोन वेगळ्या चुका आहेत, हे इथे मनात ठेवायला हवे; पुढे एका आक्षेपाचे उत्तर त्याच्यावर अवलंबून आहे.

एकरंगी छपाईत ओळ दोन ओळींनी वर सरकली तरी बिघडत नाही, कारण सगळ्याच ओळी सरकतात. रंगीत छपाईत मात्र पिवळा, मॅजेंटा, सायन आणि काळा या चारही रंगांचे चार ड्रम रांगेने उभे असतात, प्रत्येकाची प्रकाशवाट वेगळी आणि प्रत्येकीच्या वाट्याला आलेली उष्णता वेगळी. फ्युझरजवळचा ड्रम जास्त तापतो, लांबचा कमी. मग काळ्या अक्षराला एका कडेने निळसर किनार दिसते, चेहऱ्याच्या छायेत नको तो रंग डोकावतो. रंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके सरकले तर बारकाईने पाहणाऱ्या डोळ्याला ते खुपते. म्हणून ही यंत्रे मधूनमधून छपाई थांबवतात, आतल्या पट्ट्यावर चारही रंगांच्या खुणा उमटवतात, सेन्सरने त्यांच्यामधले अंतर वाचतात आणि दुरुस्ती करतात. पडद्यावर 'कॅलिब्रेटिंग' असे झळकते तेव्हा आत बहुतेक हेच चाललेले असते. चूक मोजता येते. प्रश्न एवढाच की मोजलेली चूक कुणी आणि कशी निस्तरायची.

माझ्या मते या प्रश्नाची किल्ली चुकीच्या आकारात नाही, तिच्या चालीत आहे. सेकंदाला २०० मिलिमीटर वेगाने ड्रम फिरत असेल तर ६०० डीपीआयला सेकंदाला सुमारे ४,७०० ओळी लिहाव्या लागतात. सहा पैलूंच्या आरशाला एकाच किरणाने हे काम करायचे तर मिनिटाला ४७,००० फेरे. त्यातला एखादा पैलू किंचित कललेला असेल, तर चूक प्रत्येक फेऱ्यात, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या चालीने येते. या चुकीने पहिल्या लेझर प्रिंटरची वाट जवळजवळ अडवली होती. झेरॉक्समध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही कल्पना घेऊन बसलेले आणि १९७१ पासून पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात तिला आकार देणारे गॅरी स्टार्कवेदर यांच्यापुढे दोन पर्याय होते: प्रत्येक पैलू अतिशय महागड्या अचूकतेने घासायचा, किंवा फेऱ्याफेऱ्याला चूक मोजून किरण सावरायचा. त्यांनी तिसराच मार्ग काढला. पैलू आणि ड्रम यांच्यामध्ये नळकांडी आकाराचे भिंग अशा रीतीने बसवले की पैलू थोडा कलला तरी किरण त्याच ओळीवर येऊन पडतो. मोजमाप नाही, हलणारा भाग नाही. इतक्या चपळ चुकीवर असाच, वेळच न घेणारा उपाय चालतो. ड्रमचा आस किंचित मध्यापासून सरकलेला असणे किंवा पट्टा ओढला जाणे या चुका मधल्या चालीच्या. ३० मिलिमीटर व्यासाचा ड्रम याच वेगाला अर्ध्या सेकंदात एक फेरा घेतो, आणि या चुका मोटरच्या नियंत्रणाने आवरतात. उष्णतेची चूक मात्र मिनिटामिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने वाढते. स्टार्कवेदर यांचे भिंग तिला अडवू शकत नाही, कारण ते पैलूचा कल झाकते. पैलूच्या पुढे असलेल्या सपाट आरशाचा कल त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. या शेवटच्या चुकीला चपळ साधन लागतच नाही. तिला हवे संथ, अखंड आणि अतिसूक्ष्म पावलांनी चालणारे साधन. उष्णता नेमकी तशी आहे.

वरचा ॲल्युमिनियमचा टेकू पुन्हा पाहू, पण आता आरोपी म्हणून नको. त्याला एक छोटा हीटर चिकटवला आणि बुडाशी उष्णतारोधक ठेवला, की तोच टेकू किरण वळवणारे यंत्र होतो. ३ बाय ३ बाय १० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याला एक अंश तापवायला सुमारे ०.२२ जूल लागतात. एक वॅटच्या हीटरने दहा अंश चढायला दोन-तीन सेकंद, मग आजूबाजूच्या भागांत ऊब मुरून स्थिरावायला आणखी काही वेळ. तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत सांभाळले तर ड्रमवरची ओळ एका मायक्रोमीटरच्या आत आवरता येते, म्हणजे ओळींमधल्या अंतराच्या चाळिसाव्या भागाहूनही कमी. आरशाच्या दोन्ही टोकांना असे टेकू असले आणि ते सारखे तापवले, तर अख्खी ओळ समांतर सरकते. कमीजास्त तापवले, तर काचेला किंचित पीळ पडून ओळीचा तिरपेपणा बदलतो. तिसरी चूक ओळीच्या कमानीची. ओळ सरळ न पडता धनुष्यासारखी वाकते, आणि इथे तर टेकूचीही गरज नाही, आरशाची काचच वाकवता येते. २०० मिलिमीटर लांब, ५ मिलिमीटर जाड काचेच्या मागच्या बाजूला पुढच्यापेक्षा एक अंश जास्त ऊब दिली, तर मधला भाग टोकांच्या तुलनेत सुमारे ८ मायक्रोमीटर हलतो आणि ४५ अंशांच्या परावर्तनात ओळीची कमान ११ मायक्रोमीटरने बदलते. आरसा १० मिलिमीटर रुंद असेल तर हा एक अंशाचा फरक टिकवायला अर्ध्या वॅटपेक्षा कमी शक्ती पुरते. आरसा एकूण बराच तापतो हे खरे, पण सगळीकडून सारखी आलेली ऊब त्याला वाकवत नाही. वाकवतो तो पुढच्या आणि मागच्या बाजूंमधला फरक.

हे काम छोट्या स्टेपर मोटरीही करतात. ओळीचा तिरपेपणा मोटरीने काढणारी यंत्रे आहेतच. पण मोटरीला दाते, स्क्रू, स्प्रिंग लागतात, आणि दात्यांत थोडी मोकळीक राहतेच. पुढे जाऊन मागे येताना ती मोकळीक मायक्रोमीटरांत मोजली जाते. पसरणाऱ्या धातूत दाते नाहीत, घर्षण नाही, पावलांचा हिशेब नाही. जो भाग हलवायचा तोच भाग वाढतो.

या विचाराचे सर्वांत देखणे रूप मला हीटरशिवायच्या एका युक्तीत दिसते. लेझर डायोड तापला की त्याची तरंगलांबी दर अंशाला साधारण पाव नॅनोमीटरने वाढते. ७८० नॅनोमीटरचा डायोड २० अंशांत पाचेक नॅनोमीटर पुढे सरकतो, म्हणजे सुमारे ०.६ टक्के. साध्या भिंगाला हा बदल फारसा जाणवत नाही. पण भिंगाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म वर्तुळाकार पायऱ्या कोरल्या तर त्या विवर्तनाने प्रकाश एकत्र आणतात, आणि विवर्तनाची ताकद तरंगलांबीच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्लॅस्टिक तापून दुबळे होत असताना त्याच्या पाठीवरच्या पायऱ्या त्याच उष्णतेने बळावतात. प्लॅस्टिकची घट त्याच २० अंशांत ०.६ टक्क्यांच्या आसपास, पायऱ्यांची वाढही ०.६ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही आकडे एकाच घरातले असल्यामुळे दोघांच्या वाट्याचे प्रमाण नीट ठरवले की नाभी जागची हलत नाही. लेझर प्रिंटरच्या भिंगांत ही योजना प्रत्यक्ष वापरली गेली आहे. यात उष्णतेविरुद्ध लढणे नाही. प्रकाश कुठे एकवटावा हे उष्णतेनेच डायोडमार्फत भिंगाला कळवणे आहे. हे जमवणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता आक्षेप. पहिला असा की उष्णता हे ओबडधोबड साधन आहे. ती पसरते, शेजाऱ्याला तापवते, नेमकेपणा तिच्या स्वभावात नाही. याला सर्वांत भारी उत्तर प्रिंटरच्या बाहेरून मिळते. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांत चार किलोमीटरच्या बाहूंच्या टोकांना प्रत्येकी ४० किलोचे आरसे टांगलेले आहेत. लेझरच्या शोषलेल्या अंशाने ते तापतात आणि त्यांचा आकार बिघडतो. तो सुधारायला आरशाभोवती कडीच्या आकाराचे हीटर बसवले आहेत आणि कार्बन डायऑक्साइड लेझरने भरपाईच्या काचपट्टीवर मोजून उष्णता टाकली जाते. जगातल्या सर्वांत नाजूक मोजमापांपैकी एक ज्या आरशांवर उभे आहे, त्यांना वळण उष्णताच लावते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियालाही याच धाटणीचे आरसे सांभाळायचे आहेत. उष्णता पसरते हे खरे, पण तिचे पसरणे गणिताने आधी कळते, आणि शेवटचा निकाल सेन्सर वाचत असेल तर शेजाऱ्याकडे गेलेली ऊबही हिशेबात येते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे सगळे कशाला, प्रतिमाच संगणकात उलट दिशेने वाकवावी. ओळ खाली कमानदार पडत असेल तर माहितीच आधी वर कमानदार करून पाठवावी. चिप स्वस्त आहे, तिला तापावे लागत नाही. हे नुसते शक्य नाही, कार्यालयीन यंत्रांत मोठ्या प्रमाणावर रूढ आहे, आणि पूर्ण ओळींच्या चुकांसाठी तोच योग्य मार्ग आहे असे मलाही वाटते. पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. प्रतिमा एका ओळीने जिथे सरकवली जाते तिथे सांधा पडतो. मजकुरात तो लपतो, पण छायाचित्राच्या बारीक जाळीत नक्षी तुटते आणि फिकट पायरी दिसते. ती पुसायला चिपला ओळीच्या अपूर्णांकांत लिहावे लागते, म्हणजे ओळींची संख्या किंवा लेझरच्या तीव्रतेची नाजूक मोजणी वाढवावी लागते. दुसरी मर्यादा मूलभूत आहे. चिप ठिपक्याची जागा बदलू शकते, त्याची धार परत आणू शकत नाही. ६० मायक्रोमीटर व्यासाचा ठिपका नाभीपासून साडेतीन मिलिमीटर मागेपुढे झाला तरी चालते. तोच ३० मायक्रोमीटरचा केला तर ही सवलत चौपट घटून एका मिलिमीटरच्याही आत येते. आणि प्लॅस्टिकच्या भिंगाचे सरकणे वर १.१ मिलिमीटर निघाले होते. ठिपका जितका बारीक, तितका हा प्रश्न चिपच्या हातून निसटून भिंगाच्या आणि उष्णतेच्या हाती येतो.

लेझरच काढून एलईडीची पट्टी बसवली तर फिरता आरसा आणि लांबची वाट दोन्ही जातात, असेही म्हटले जाते. वाट जाते, उष्णता जात नाही. ए४ कागदाच्या रुंदीची, म्हणजे २१० मिलिमीटरची पट्टी नेहमीच्या ग्लास-इपॉक्सीच्या पाटीवर असेल, तर २० अंशांत ती सुमारे ६० मायक्रोमीटरने लांबते. चार पट्ट्या वेगवेगळ्या तापल्या तर कडेचे रंग पुन्हा सुटतात, आणि चारही एकाच तापमानावर धरून ठेवणे हा तिथला एक साधा उपाय ठरतो.

उष्णतेच्या सुकाणूचा खरा कमकुवतपणा वेगळाच आहे. हीटर तापवू शकतो, गार करू शकत नाही. ओळ दोन्ही बाजूंना सरकवायची तर टेकू आधीच अर्धवट तापवून ठेवावा लागतो, म्हणजे सुधारणा काहीच नसतानाही थोडी वीज सतत जाते. फ्युझर शेकडो वॅट खात असताना छपाईच्या वेळी एकदोन वॅटचे काही वाटत नाही. यंत्र झोपेत असताना मात्र तो खर्च समर्थनीय नाही, म्हणून तेव्हा हीटर बंद ठेवून जागे होताच आधी टेकू स्थिरावू द्यावा लागतो, आणि पहिल्या पानाला काही सेकंद उशीर होतो. शिवाय टेकू प्लॅस्टिकचा घेतला तर तो दर अंशाला ॲल्युमिनियमच्या तिप्पट वाढतो आणि उष्णताही बाहेर निसटू देत नाही, पण महिनोन्महिने ऊब आणि दाब सोसून तो हळूहळू बसतो. सेन्सरच्या खुणा ही घसरण वाचून हीटरला भरपाई करायला लावतात, तरी हीटरचा आवाका संपला की उपाय उरत नाही. तिथे चिपची मदत घ्यावी: पूर्ण ओळींची भरपाई प्रतिमेत करून टेकूला पुन्हा त्याच्या मधल्या तापमानावर आणावे, आणि ओळीच्या आतला अपूर्णांक, जिथे सांधे आणि पायऱ्या दिसतात, तेवढा उष्णतेकडे ठेवावा.